‘शीन’वरची पिवळी चिठ्ठी

कोशाच्या कचेरीत त्यांना सगळे अचूकराव म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. हे टोपणनाव कुणी काढलं ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं, पण चिकटलं मात्र असं, की घरी पाहुणे आले तर बायकोसुद्धा ‘आमचे अचूकराव येतीलच एवढ्यात’ म्हणून जायची. आणि खोटं कशाला बोला, गृहस्थांना ते आवडायचं. कुणी हाक मारली की ते मान जरा उशिराच वर करायचे, म्हणजे हाक आणखी दोघाचौघांच्या कानांवर पडायची.

कचेरी एका छापखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर होती. लांबट खोली, एका बाजूला खिडक्या, नऊ टेबलं आणि भिंतभर लाकडी खण. तिथे इंग्रजीतून आपल्या भाषेत एक जाडजूड कोश तयार होत होता. एका शब्दाला एक कार्ड. वर शब्द, खाली अर्थ, त्याच्या खाली मूळ, म्हणजे तो शब्द कुठून निघाला आणि कुणाकुणाच्या घरी राहून इथवर आला ते. अशी दोनशे कार्डं झाली की फितीने बांधून त्यांचा गठ्ठा व्हायचा आणि तो दाराजवळच्या टेबलावर, तपासनीस बाईंकडे जायचा.

बाईंचं शिक्षण शाळेपुरतं. खालच्या छापखान्यात मुद्रितं वाचता वाचता त्या वर आल्या होत्या. त्यांच्या टेबलावर तीन मोठे परदेशी कोश उघडे असायचे, आणि डोळ्यांत तेल घालून त्या एकेक कार्ड ताडून बघायच्या. शंका आली की पिवळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायच्या आणि चिठ्ठी टाचणीने कार्डाला लावायच्या. ज्याचं कार्ड त्याने त्या चिठ्ठीखालीच उत्तर लिहायचं, ‘बदल केला’ किंवा ‘तसंच ठेवावं’, आणि सही करायची. चिठ्ठी काढायची मात्र नाही. हा मुख्य संपादकांचा, म्हणजे मोठ्या सरांचा, नियम होता. गठ्ठा तपासून परत पाठवतानाच बाई त्याच्या वेष्टनावर लाल शाईने सही करायच्या. त्या सहीनंतर चूक निघाली आणि कार्डावर चिठ्ठी नसली, तर ती चूक बाईंची. इतका साधा हिशेब.

दर शनिवारी अकरा वाजता मोठे सर चिठ्ठ्या मोजायचे आणि सगळ्यांसमोर आकडा सांगायचे. माणसांना कामाला लावायची ही त्यांची युक्ती होती, आणि मोठमोठी पदवीधर माणसं तिला शाळकरी पोरांसारखी बळी पडायची. इतरांच्या गठ्ठ्यांत पंधरा-वीस चिठ्ठ्या असत. अचूकरावांच्या गठ्ठ्यात तीन, फार तर चार. एकही चिठ्ठी नसलेल्या गठ्ठ्याला कचेरीत ‘कोरा गठ्ठा’ म्हणत, आणि सात वर्षांत तो कुणालाच जमला नव्हता. अचूकरावांनी एकदा दोन चिठ्ठ्यांवर आणून सोडला. त्या दोन चिठ्ठ्यांनी त्यांचा आठवडा नासला. बायकोला वाटलं, यांचं पोट बिघडलंय.

आता थोडं वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण ज्या शब्दावरून पुढचं सगळं घडलं त्याचा अर्थ अचूकरावांना वडिलांकडूनच मिळाला होता. वडील लाकडाला पॉलिश करायचे. कापडाचा बोळा लाखेच्या पॉलिशमध्ये बुडवून टेबलावर गोल गोल फिरवत राहायचे, दिवसचे दिवस. काम झालं असं वाटलं की ते खाली वाकायचे, गाल फळीला टेकेल इतके, आणि उजेडाच्या दिशेने फळीवरून आडवी नजर टाकायचे. वरून सगळंच छान दिसतं, म्हणायचे, राहिलेलं दिसतं ते बाजूने. चमक वेगळी आणि तकाकी वेगळी, हेही त्यांचंच. चमक काचेची, भांड्याची. ती आपण होऊन डोळ्यांवर येते. तकाकी लाकडाची, तिच्यासाठी माणसाने वाकावं लागतं. मुलाने मदत म्हणून एखादा स्टूल घासला की वडील एवढंच विचारायचे, ‘बाजूने बघितलंस का?’

तर एस अक्षराच्या गठ्ठ्यात ‘शीन’ हा शब्द आला. रेशमावर, केसांवर, पॉलिश केलेल्या लाकडावर जी मऊ झळाळी असते ती. अचूकरावांनी क्षणभरही विचार न करता अर्थ लिहिला, ‘तकाकी’. वडिलांचा शब्द कोशात गेला म्हणून त्यांना भरून आलं. त्याच भरात खाली मूळ लिहिलं, ‘शाइन या क्रियापदापासून’. शाइन म्हणजे चमकणे, शीन म्हणजे तकाकी, दोघींचा तोंडवळा सारखा, मायलेकीच असणार. उठून बघायचं कशाला? तिन्ही मोठे कोश बाईंच्या टेबलावर होते, म्हणजे बारा पावलांवर. ती बारा पावलं चालायचा त्या दिवशी या माणसाला कंटाळा आला.

शनिवारी सकाळी गठ्ठा तपासून परत आला. अचूकरावांनी सवयीप्रमाणे कार्डांच्या कडा अंगठ्याने सर्रकन फिरवल्या. पिवळं एकच दिसलं. दोनशे कार्डांत एकच. ते ‘शीन’वर होतं. बाईंच्या बारीक, गोल अक्षरात लिहिलेलं: ‘शाइनपासून नसावा. मोठ्या कोशात मूळ वेगळं दिलं आहे. शो हा शब्दही बघावा. तपासावे.’

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शाळेपुरतं शिकलेल्या बाईने आपल्याला शब्दांची नातीगोती शिकवावीत, हे एक. आणि कोऱ्या गठ्ठ्याच्या आड एक टीचभर कागद यावा, हे दुसरं. यातलं दुसरंच खरं होतं, पहिलं त्यांनी रागाला सोबत म्हणून घेतलं. बाई मुद्रितं आणायला खाली गेल्या होत्या. बाकीचे आपापल्या कामात. घड्याळात साडेदहा. त्यांनी टाचणी काढली, चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात घातली, टाचणी डबीत टाकली. कार्डाला टाचणीची दोन भोकं राहिली होती, ती नखाने दाबून सपाट केली. हे सगळं करायला एक मिनिटही लागलं नाही, आणि हात जराही थरथरला नाही. पुढे आयुष्यभर त्यांना टोचलं ते हेच, की हात थरथरला नव्हता.

अकरा वाजता मोठ्या सरांनी गठ्ठा उचलला, कडा फिरवल्या, पुन्हा फिरवल्या आणि चष्मा काढून म्हणाले की सात वर्षांत पहिल्यांदा आपल्याकडे कोरा गठ्ठा आलाय. बाकीच्या टेबलांनी टाळ्या वाजवल्या. बाई तेवढ्यात जिना चढून दारात आल्या होत्या. मुद्रितं काखेत धरून त्यांनीही टाळ्यांसाठी हात वर केले, आणि ते हात क्षणभर हवेत तसेच थांबले. त्यांनी गठ्ठ्याकडे बघितलं. त्या आठवड्यात त्यांच्या हाताखालून पाच गठ्ठे, म्हणजे हजार कार्डं गेली होती. कुठल्या कार्डाला काय लावलं ते माणूस किती लक्षात ठेवणार? मग त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि इतरांपेक्षा जास्त वेळ वाजवल्या. लाल सही गठ्ठ्यावर आधीच झालेली होती.

कोश छापून आला तेव्हा अचूकरावांनी पहिली प्रत वडिलांना दाखवायला नेली. वडिलांना तेव्हा उठवत नव्हतं. मुलाने ‘शीन’चं पान उघडलं आणि त्यांचा शब्द दाखवला. वडिलांनी छापलेल्या ‘तकाकी’वरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग पुस्तक तिरकं करून कागदावरून आडवी नजर टाकली, जुन्या सवयीने, आणि हसले. अचूकरावही हसले. चिठ्ठी तेव्हा त्यांच्या कपाटात, एका जुन्या पाकिटात होती.

दोन महिन्यांनी वर्तमानपत्रात पत्र आलं. एका निवृत्त शिक्षकाने कोशाचं तोंडभर कौतुक करून शेवटी चिमटा काढला होता: ‘शीन’ला ‘शाइन’ची लेक ठरवणं ही चूक परीक्षेत विद्यार्थी करतात, कोशकारांनी करू नये. कचेरीत ते पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. मोठ्या सरांचा रागाने पार तिळपापड झाला. त्यांनी गठ्ठा मागवला आणि बाईंना व अचूकरावांना आपल्या खोलीत बोलावलं.

टेबलावर कार्ड होतं, चिठ्ठी नव्हती, वेष्टनावर लाल सही होती. सरांनी बाईंना विचारलं, हे तुमच्या नजरेतून कसं सुटलं. बाई बराच वेळ कार्डाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या की मला वाटतं, मी याला चिठ्ठी लावली होती. सरांनी विचारलं, मग ती आहे कुठे. बाईंनी गठ्ठ्यातली शेजारची कार्डं उलटून बघितली. सरांनी अचूकरावांकडे बघितलं.

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत तिघंच होती. सर चार शब्द टाकून बोलले असते, महिनाभर तोंड वाकडं केलं असतं आणि विषय संपला असता. अचूकरावांनी तोंड उघडलं तेव्हा आपण खरं बोलणार की काय, याची त्यांनाच भीती वाटली.

‘गठ्ठा कोरा होता, सर,’ ते म्हणाले. ‘सगळ्यांनी बघितलाय.’

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. संशय नव्हता. अचूकराव म्हणतायत म्हणजे तसंच असणार, एवढंच होतं. त्या मान खाली घालून म्हणाल्या, ‘मग माझ्याच नजरेतून सुटलं असेल.’

सर काही दुष्ट नव्हते. त्यांनी बाईंना काढलं नाही, फक्त तपासणीवरून हलवून खणांवर नावांच्या पट्ट्या चिकटवायच्या कामाला लावलं. महिनाभर बाई भिंतीकडे तोंड करून काम करत होत्या. मग एक दिवस राजीनामा ठेवून गेल्या. जाताना सगळ्यांच्या टेबलाशी थांबल्या. अचूकरावांच्या टेबलाशी आल्या तेव्हा ते खणात काहीतरी शोधत होते. खणात काही नव्हतं. कोशाची दुसरी छपाई झाली तेव्हा ‘शीन’चं मूळ दुरुस्त झालं, आणि काम करणाऱ्यांच्या नामावलीतून बाईंचं नावही गेलं. ते अचूकरावांनी मुद्रितातच बघितलं होतं. मूग गिळून गप्प बसले.

बाई गेल्या त्या संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, ते बारा पावलं चालले आणि मोठा कोश उघडला. बाईंचं अक्षरन् अक्षर बरोबर होतं. ‘शीन’ ही ‘शाइन’ची लेक नव्हेच. जुन्या इंग्रजीत तो शब्द सुंदर, बघण्याजोगं, अशा अर्थाचा होता. त्याचं मूळ चमकण्यात नाही, बघण्यात आहे. ज्या मुळातून इंग्रजीतला ‘शो’ आला, त्याच मुळातला तो. ‘शो’चाही जुना अर्थ दाखवणं नव्हे, बघणं असा होता. पुढे ‘शाइन’च्या शेजारात राहून राहून, नाव सारखं म्हणून, लोकांनी ‘शीन’लाही चमक चिकटवली. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी भोळेपणाने जी गल्लत केली होती, तीच अचूकरावांनी मोठ्या ऐटीत पुन्हा केली होती. त्या लोकांनी निदान कुणाची चिठ्ठी काढली नव्हती. अचूकरावांनी तसलाच मोठा कोश पुढे घरी विकत घेतला, ‘शीन’च्या पानात पिवळी चिठ्ठी ठेवली आणि ते पान पुन्हा उघडलं नाही. एसमधला शब्द अडला तर ते शेजाऱ्याच्या कोशात बघायचे.

अशी सव्वीस वर्षं गेली. वडील गेले, मोठे सर गेले, कचेरी दुसऱ्या इमारतीत गेली, अचूकराव निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात कोऱ्या गठ्ठ्याची गोष्ट निघाली, घरीही पाहुण्यांसमोर निघायची, आणि ती निघाली की ते पाणी प्यायला उठायचे. लोक म्हणायचे, बघा, स्तुती सहन होत नाही. विनयी माणूस.

मग नव्या संपादिकेचं पत्र आलं. मुलगी हुशार होती. कोशाची नवी आवृत्ती निघत होती, त्यासाठी जुन्या कार्डांचे फोटो काढणं चाललं होतं. तिने लिहिलं होतं की नव्या आवृत्तीत तुमच्यावर दोन पानं छापतो आहोत, मथळा ‘अचूकराव’. आणि दोन बारीक शंका होत्या. त्या प्रसिद्ध कोऱ्या गठ्ठ्यावर एक लाल सही आहे, ती कुणाची हे इथे कुणालाच ठाऊक नाही, नामावलीतही नाव नाही. शिवाय ‘शीन’च्या कार्डाला टाचणीची दोन भोकं आहेत आणि चिठ्ठी मात्र नाही. काही आठवतं का?

नखाने दाबलेली भोकं सव्वीस वर्षांनी फोटोत उघडी पडली होती. अचूकरावांनी पत्र तीनदा वाचलं आणि उत्तर लिहायला घेतलं. बाईंचं नाव कळवलं, त्यांच्या कामाची चार वाक्यांत स्तुती केली, आणि शेवटी लिहिलं की भोकांबद्दल काही आठवत नाही. नाव परत आलं, काम झालं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सगळी पत्रं टाकण्याआधी बायको वाचायची, तसं तिने तेही वाचलं.

‘या बाई म्हणजे त्याच ना,’ तिने विचारलं, ‘तुमच्यासाठी सगळ्यांपेक्षा जास्त टाळ्या वाजवणाऱ्या?’

अचूकराव खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. टाचणीपासून राजीनाम्यापर्यंत. सांगताना बायकोकडे बघवत नव्हतं, म्हणून ते टेबलाच्या पायाकडे बघत होते. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्यासमोर कधी मान खाली घातली नव्हती. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, ती काहीतरी बोलेल, रागावेल, निदान समजूत काढेल. तिने पत्राची घडी घालून ते त्यांच्यापुढे सरकवलं.

‘मला सांगून काय उपयोग?’ एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाला हाक मारली ती नुसती ‘अहो’ म्हणून, रोजच्यासारखी ‘अचूकराव’ म्हणून नाही. त्या एका हाकेने त्यांना जेवढं शरमिंदं केलं, तेवढं शिव्यांनी केलं नसतं. त्यांनी पहिलं पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं. त्यात सगळं होतं, तारीखवार. माझ्यावरची दोन पानं छापू नका, हे पत्र हवं तर छापा, असंही होतं. मग बाईंना भेटायचं ठरवून इतक्या वर्षांनी ‘शीन’चं पान उघडलं आणि चिठ्ठी पाकिटात घातली. बाईंकडे जाताना ते पत्र त्यांनी कोपऱ्यावरच्या टपालपेटीत आधी टाकलं. स्वतःला ते आता चांगले ओळखत होते. बाईंनी ‘जाऊ द्या’ म्हटलं असतं, तर हे पत्र खिशातच राहिलं असतं.

बाई भाचीकडे राहत होत्या, एका शिवणकामाच्या दुकानामागच्या खोलीत. वय अठ्ठ्याहत्तर. कचेरी सोडल्यावर बहिणीच्या या दुकानात त्यांनी बटणं आणि हुक लावायचं काम धरलं, ते हात चालेनासे होईपर्यंत केलं. बहीण गेली, आता दुकान भाची चालवत होती. खोलीत एक पलंग, एक शिवणयंत्र, खिडकीत वाळत घातलेले मापाचे पट्टे. अचूकरावांनी आधी दोन ओळी लिहून कळवलं होतं. त्यांची कल्पना होती की बाई दारातच उभं करतील, सव्वीस वर्षांचं साठलेलं बोलतील. तसं त्यांना हवंही होतं.

पण बाईंना त्यांना बघून मनापासून आनंद झाला. ‘या सर, बसा,’ म्हणाल्या, खुर्चीवरची कापडं स्वतः उचलली, एकेकाची चौकशी केली. मोठे सर गेल्याचं ऐकून हळहळल्या. भाचीने चहा ठेवला आणि हसत सांगू लागली की तुमचं पत्र आलं तेसुद्धा मावशीने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. स्वतः वाचलं होतं तरी. औषधाचं नाव मी बघायचं, बसचा नंबर मी बघायचा, दाराला कडी लागली का तेही मीच बघायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले या वयात इतकी चांगली नजर बघितली नाही.

बाई हसल्या. ‘दिसतं गं,’ त्या म्हणाल्या, ‘पण सुटतं. माझ्या नजरेचा भरवसा नाही. या सरांना विचार, ते होते तिथे.’

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर अचूकरावांनी तो आनंदाने अंगावर घेतला असता. बाई मनापासून बोलत होत्या. अचूकरावांना आजवर वाटत आलं होतं की आपण बाईंचं काम घालवलं, फार तर नाव घालवलं. त्याचीच लाज ते सव्वीस वर्षं पुरवून पुरवून बाळगत होते. या बाईने त्या दिवसापासून स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडलं होतं, कारण अचूकराव खोटं बोलतील हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.  त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

‘बाई, तुमच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं,’ ते म्हणाले. ‘चिठ्ठी तुम्ही लावली होती. मी काढली. कोऱ्या गठ्ठ्यासाठी काढली, आणि सरांसमोर खोटं बोललो.’

 पुढच्या दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक आलं होतं, त्याने दोनदा हाक मारली, भाची हलली नाही. अचूकरावांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून चिठ्ठी काढली आणि बाईंसमोर ठेवली. पिवळा रंग उडून मातकट झाला होता, पेन्सिल मात्र जशीच्या तशी होती. भाची वाचायला पुढे वाकली.

‘थांब,’ बाई म्हणाल्या. ‘मी वाचते.’

चष्मा लावून त्यांनी चिठ्ठी उचलली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत, स्वतःचं अक्षर वाचलं. ‘शाइनपासून नसावा. मोठ्या कोशात मूळ वेगळं दिलं आहे. शो हा शब्दही बघावा. तपासावे.’ वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी मनात, ओठ हलवत. मग विचारलं की शेवटी निघाला कुठून तो शब्द. अचूकरावांनी सांगितलं, बघण्यातून. 

‘म्हणजे मी बघितलं होतं,’ बाई म्हणाल्या. भाचीकडे वळून पुन्हा म्हणाल्या, ‘बघितलं होतं गं मी.’

अचूकरावांनी माफी मागितली. किती वेळा मागितली ते त्यांनाही कळलं नाही. बाईंनी त्यावर हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्या चिठ्ठीच्या खालच्या कोऱ्या भागाकडे बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी शिवणयंत्रावरची पेन्सिल घेतली, चिठ्ठी अचूकरावांसमोर सरकवली आणि बोटाने ती कोरी जागा दाखवली.

‘उत्तर लिहायचं राहिलंय, सर.’

अचूकराव वाकले. ‘बदल केला’ आणि ‘तसंच ठेवावं’ या दोनांतलं काहीच चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी लिहिलं, ‘बाईंचं बरोबर होतं. चूक माझी,’ आणि खाली सही केली, आईबापांनी ठेवलेल्या पूर्ण नावाने. कुणी त्यांना त्या नावाने हाक मारून कितीतरी वर्षं झाली होती. बाईंनी चिठ्ठी परत घेतली. खिडकीकडे धरली, जरा तिरकी केली आणि वाचली. भाचीला विचारलं नाही.

‘तारीख राहिली,’ त्या म्हणाल्या.

अचूकरावांनी चिठ्ठी पुन्हा पुढे ओढली. पेन्सिल हातात धरून क्षणभर थांबले आणि विचारलं, ‘कुठली टाकू?’

‘आजचीच टाका,’ बाई म्हणाल्या. ‘त्या दिवशी तुम्ही सही केली नव्हतीत.’